१९६२चे म्हणून दाखवलेले ओमेगा सीमास्टर: तबकडी, यंत्र आणि केस एकाच घड्याळाची आहेत का?

प्रश्न

ओमेगा सीमास्टर हे जुने स्वयंचलित घड्याळ एका खासगी विक्रेत्याकडून घेण्याचा माझा विचार आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ते १९६२ सालचे, सर्व मूळ भाग असलेले आणि नुकतेच सर्व्हिसिंग झालेले आहे. घड्याळाला तारखेची खिडकी नाही. चंदेरी तबकडीवर एकही डाग नाही, तासांच्या खुणांशेजारी अंधारात चमकणाऱ्या रंगाचे ठिपके आहेत आणि तळाशी फक्त ‘स्विस मेड’ एवढेच छापलेले आहे. यंत्राच्या छायाचित्रात ५५२ हा कॅलिबर क्रमांक (म्हणजे यंत्राच्या प्रकाराचा क्रमांक) आणि २ कोटी ४० लाखांच्या घरातील अनुक्रमांक वाचता येतो. मागच्या झाकणाच्या आतील बाजूचे छायाचित्र मात्र दोनदा मागूनही आलेले नाही. घड्याळ हातात घेऊन पाहण्याची संधी लवकरच मिळणार आहे, तेव्हा कोणत्या गोष्टी बारकाईने तपासाव्यात, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपण दिलेल्या माहितीतच पहिली विसंगती आहे. संग्राहक वापरतात त्या तक्त्यांनुसार २ कोटी ४० लाखांच्या आसपासची ओमेगा यंत्रे १९६६-६७च्या सुमाराची ठरतात, तर १९६२ची यंत्रे साधारण १ कोटी ९० लाखांच्या जवळपास येतात. यंत्र तयार झाल्यावर ते केसमध्ये (घड्याळाच्या धातूच्या आवरणात) बसून विकले जाईपर्यंत काही काळ जात असे, त्यामुळे घड्याळ यंत्रापेक्षा थोडे नवे असणे समजण्यासारखे आहे. पण मूळ यंत्र घड्याळानंतर चार वर्षांनी जन्माला येऊ शकत नाही. म्हणजे एक तर विक्रेत्याने साल अंदाजाने सांगितले आहे किंवा यंत्र बदललेले आहे.

आता तबकडी. चमकणाऱ्या रंगात पूर्वी रेडियम असे आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्याची जागा ट्रिटियमने घेतली, त्यानंतर ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ हे अक्षर छापले जाऊ लागले. १९६६च्या यंत्रावर ठिपके असलेली पण ‘टी’ नसलेली तबकडी दिसली, तर ती जुन्या घड्याळातून काढून बसवलेली असावी किंवा नव्याने रंगवून छापलेली असावी. डाग नसणे ही विक्रेत्याला जमेची बाजू वाटते. मला साठ वर्षांच्या तबकडीत तीच सर्वांत आधी खटकते.

दहापट मोठे दाखवणारे भिंग बरोबर न्यावे. मूळ छपाईत अक्षरांच्या कडा धारदार असतात, रेषांची जाडी शेवटपर्यंत सारखी राहते आणि मिनिटांची प्रत्येक पाचवी रेघ तासाच्या खुणेच्या बरोबर मध्यावर येते. पुन्हा छापलेल्या तबकडीत ‘सीमास्टर’च्या वळणदार अक्षरांची टोके बोथट होतात, शाई पसरते आणि रेघा खुणांपासून केसभर सरकलेल्या आढळतात. तबकडीच्या कडेला कापलेली बारीक खाच दिसली, तर रंगवणाऱ्याने ती पकडीसाठी केलेली असण्याची शक्यता मोठी असते. शिवाय काट्यांवरील रंग आणि ठिपक्यांचा रंग सारखाच पिकलेला हवा.

ठिपक्यांची आणखी एक परीक्षा आहे. ट्रिटियमचा अर्धायुकाल सुमारे १२.३ वर्षे असल्याने त्या काळचा रंग आज स्वतःहून जवळजवळ चमकत नाही. अतिनील दिवा धरला तर क्षणभर उजळतो आणि दिवा काढताच विझतो. ठिपके बराच वेळ लखलखत राहिले, तर रंग अलीकडे भरलेला आहे. रेडियमची चमकही गेलेली असते, पण किरणोत्सर्ग गेलेला नसतो (त्याचा अर्धायुकाल १,६०० वर्षांचा आहे), म्हणून असे ठिपके कोणीही खरवडू नयेत.

प्रतिसाद २

तबकडीविषयी वर सविस्तर लिहिले गेले आहे. मी केस आणि यंत्राविषयी लिहितो. झाकणाच्या आतील क्रमांकाशिवाय व्यवहार करू नका. ओमेगाच्या १९६०च्या दशकातील सहा अंकी पद्धतीत १६५ने सुरू होणारा क्रमांक तारीख नसलेल्या आणि १६६ने सुरू होणारा क्रमांक तारीख असलेल्या स्वयंचलित घड्याळाचा असतो. कॅलिबर ५५२मध्ये तारीख नसते, म्हणून झाकणावर १६५ असायला हवे.

केस पाहताना पट्टा जोडण्याच्या चारही शिंगांच्या कडा तिरप्या उजेडात धरून एकमेकींशी ताडाव्यात. वारंवार पॉलिश झालेल्या केसमध्ये या कडा साबणाच्या वडीसारख्या गोलसर होतात आणि झाकणावरील कोरीव चित्र उथळ होते. हे नुकसान कोणत्याही घड्याळजीला भरून काढता येत नाही. चावी बदललेली असेल तर ते मात्र फारसे मनावर घेऊ नये.

झाकणाच्या आत गोलाकार ओरखडे असतील, तर रोटर (हाताच्या हालचालीने फिरून घड्याळाला चावी देणारे वजन) सैल होऊन घासत होता असे समजावे. चावीच्या दांड्याभोवती गंजाचे तपकिरी कण दिसल्यास पाणी शिरलेले आहे. सर्व्हिसिंगचा दावा टाइमग्राफर या ठोके मोजणाऱ्या उपकरणावर पडताळता येतो: हे यंत्र ताशी १९,८०० ठोक्यांचे आहे, आणि पूर्ण चावी दिल्यावर तबकडी वर ठेवून ॲम्प्लिट्यूड (तोलचक्राच्या झोक्याचा कोन) २७० अंशांच्या आसपास, तर बीट एरर (दोन्ही बाजूंच्या झोक्यांच्या वेळेतील फरक) एक मिलिसेकंदाच्या आत असावी. ॲम्प्लिट्यूड २२०च्या खाली असेल, तर सर्व्हिसिंग झालेच नाही किंवा नीट झालेले नाही.

प्रश्नकर्ता

घड्याळ पाहून आलो. झाकणावर १६६ने सुरू होणारा क्रमांक आहे, आणि दिवा काढल्यानंतरही ठिपके कित्येक मिनिटे हिरवे चमकत होते. ॲम्प्लिट्यूड मात्र २७५ भरले. विक्रेता आता ओमेगाच्या जुन्या नोंदींचा उतारा मिळवून देतो म्हणतो.

प्रतिसाद ३

मग चित्र स्पष्ट आहे: यंत्र उत्तम आहे, झाकण तरी नक्कीच तारखेच्या घड्याळाचे आहे, आणि ठिपके नव्याने भरलेले आहेत. नोंदींचा उतारा फार तर अमुक क्रमांकाचे यंत्र कोणत्या घड्याळात गेले हे सांगेल. समोरची तबकडी त्याच घड्याळाची आहे, हे तो सांगू शकत नाही. जिनिव्हातील २०२१च्या लिलावात ३१ लाखांहून अधिक स्विस फ्रँकना गेलेले ओमेगाचेच स्पीडमास्टर घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून बनवलेले होते, असे स्वतः ओमेगाने २०२३मध्ये सांगितले.

तरीही वरील दोघांइतका मी कठोर नाही. रोज वापरण्यासाठी चांगले चालणारे ५५२ हवे असेल, तर हे घड्याळ घेण्यात काही वावगे नाही. मात्र ‘सर्व मूळ भाग’ हे शब्द विक्रेत्याने मागे घ्यावेत आणि किंमत सुस्थितीतील यंत्र व पोलादी केस एवढ्याचीच धरावी. त्यास तो राजी नसेल, तर थांबावे. हे मॉडेल दुर्मीळ नाही.