सरसकट ‘हो’ म्हणू नका

नोकरीच्या मुलाखतीत ‘ओव्हरटाइमबद्दल विचारलं की सरळ हो म्हणून मोकळं व्हा’ हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. ‘कितीही वेळ थांबेन’ हे वाक्य मुलाखत घेणारे लिहून ठेवतात आणि रुजू झाल्यावर तेच पुढे करतात. नुसतं ‘नाही’ म्हटलं तर तिथेच फुली.

आधी तयारी दाखवा, मग मर्यादा सांगा, आणि लगेच उलट प्रश्न विचारा. उदाहरणार्थ: ‘सॉफ्टवेअरचं रिलीज किंवा महिनाअखेर असेल तर थांबायची माझी तयारी आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी मात्र मला वेळेवर निघावं लागतं. आधी कळलं तर त्यातही बदल करता येईल. तुमच्या टीमला साधारण किती वेळा थांबावं लागतं?’ उत्तरात ‘कधीतरी’ आलं तर ‘गेल्या महिन्यात किती वेळा?’ असं नम्रपणे विचारा. खरं चित्र इथेच कळतं.

घरची कारणं उलगडत बसू नका, त्यातून नको ते प्रश्न निघतात. जादा तासांचे पैसे मिळतात की त्याबदल्यात सुट्टी, हे ऑफर आल्यावर एचआरला विचारा आणि लेखी घ्या. तोंडी आश्वासन देणारा मॅनेजर बदलला की ते आश्वासनही जातं.