मुलीला शाळेतून काढून घरीच शिकवावं का? निर्णय होत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा. मुलीला घरीच शिकवावं का, यावर आम्हा दोघांचं गेले सहा महिने रोज बोलणं होतं आणि रोज त्याच जागी येऊन अडतं.

शाळेत मारझोड, छळ असं काही नाही. पण लिहिताना एक अक्षर चुकलं की ती खोडते, पुन्हा लिहिते, पुन्हा खोडते. शेवटी पान फाटतं आणि मग रडायला लागते. एकदा जवळ घेऊन विचारलं, तर म्हणाली, "सगळ्यांचं झालेलं असतं, माझंच राहिलेलं असतं." वर्गात ४० मुलं आहेत. बाई एकटीसाठी किती थांबणार? त्यांना मी दोष देत नाही.

सुट्टीत तिला अपूर्णांक शिकवायला बसले. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? उत्तर ठाम: एक चतुर्थांश, कारण तीनापेक्षा चार मोठा. मग सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या घेतल्या, एकीचे तीन भाग केले, दुसरीचे चार. ती बराच वेळ नुसती बघत राहिली. मग आपणहून तिसरी पट्टी उचलली आणि म्हणाली, "पाच केले तर अजून बारीक होणार ना?" त्या दिवशी खोडरबर लागलाच नाही. तेव्हापासून हा विचार डोक्यातून जात नाही.

मी थोडं वाचलंही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये मांडलं होतं की एकास एक शिकवलेलं सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातं. पण तिथे चाचणी घेऊन, चुका दुरुस्त करूनच पुढे जायची पद्धत होती, आणि नंतरच्या अभ्यासांत फायदा दिसला तरी एवढा मोठा दिसला नाही. घरी शिकणाऱ्या मुलांच्या गुणांचे आकडेही मला फारसे पटत नाहीत. त्यात बऱ्याचदा आपणहून माहिती देणारे पालकच असतात. ज्यांचं फसलं ते कशाला सांगतील?

सवंगड्यांची काळजी सगळेच करतात, मलाही आहे. संध्याकाळी तासभर खेळणं वेगळं आणि न आवडणाऱ्या मुलीशेजारी वर्षभर बसून जमवून घेणं वेगळं. ते घरी कुठून आणायचं? पण त्याहून जास्त भीती मला माझीच वाटते. आज ती शाळेतून आली की दप्तर टाकून माझ्या मांडीवर डोकं ठेवते. उद्या मीच "उत्तर चुकलं" म्हणणारी झाले, तर तिने कुणाकडे यायचं? कागदाच्या पट्ट्या हा सुट्टीतला एक छान दिवस होता. दिवसाआड माझा आवाज चढला तर?

मी अर्धवेळ काम करते, ते सोडावं लागेल. पुढे विज्ञानाच्या प्रयोगांचं काय, हाही प्रश्न आहेच. त्यात नवऱ्याची परदेशी बदली होण्याची शक्यता आहे आणि कायदा जागोजागी वेगळा. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे, अमेरिकेत घरी शिकवता येतं पण नियम राज्यागणिक बदलतात. म्हणजे मध्येच पुन्हा शाळेत घालायची वेळ आली, तर तिला ते झेपेल का?

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. शाळा सोडल्यावर मूल स्थिरावायला किती महिने गेले? तुमचा रोजचा दिवस कसा असतो, विशेषतः कुणाचाच मूड नसतो तेव्हा? करून बघून पुन्हा शाळेत घातलं असेल, तर तेही मोकळेपणाने सांगा, मला त्याची जास्त गरज आहे.

आणि धाकट्याला शाळा मनापासून आवडते. एक घरी, एक शाळेत असं कुणी केलंय का? थोरलीला "मलाच का घरी ठेवलं?" असं वाटू नये म्हणून तुम्ही तिला काय सांगितलंत?