मदत हवी आहे: .३०८ ची काडतुसं घरी भरायची आहेत, सुरुवातीला काय सामान घ्यावं?

नमस्कार मंडळी,

मी टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोजवळ राहतो. .३०८ विंचेस्टर या मापाच्या काडतुसाची, बोल्ट (दर गोळीला हाताने ओढायची खीळ) अ‍ॅक्शन रायफल आहे. शिकार करत नाही, क्लबच्या रेंजवर १०० आणि २०० यार्डांवर कागदी टार्गेट मारतो. मॅच दर्जाची (स्पर्धेच्या तोडीची) तयार काडतुसं महाग पडतात आणि एकाच जातीची दर वेळी मिळतीलच असंही नाही. शिवाय माझ्या रायफलीला नेमकं काय मानवतं ते शोधायचं तर रिलोडिंगला, म्हणजे काडतुसं स्वतः भरण्याला, पर्याय नाही.

भारतातल्या वाचकांसाठी आधीच लिहितो. इथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, विकायची असतील तर लागतं. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे काडतुसं बनवायलाच परवाना हवा, त्यामुळे तिथे हे घरी करून बघू नका.

प्रक्रिया वाचून समजली आहे: झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी साफ करायची, वंगण लावून साइझिंग डायमधून (पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणारा साचा) काढायची (जुना प्रायमर, म्हणजे बुडातली ठिणगी देणारी टोपी, तिथेच बाहेर पडतो), लांबी मोजून जास्त असेल तर कापायची, नवा प्रायमर, मोजून पावडर, वर बुलेट. अडतंय ते पुढेच. दुकानदार पाच टप्पे एका दमात करणारा प्रोग्रेसिव्ह प्रेस (डाय लावून पुंगळी दाबायचं हातयंत्र) घ्या म्हणतो, तो ऐकावा का? वजनकाटा इलेक्ट्रॉनिक की जुना दांडीचा? डाय किती खाली बसवायची? रेंजवर फुकट मिळणाऱ्या पुंगळ्या चालतील का? आणि सगळ्यात मोठी काळजी म्हणजे जागा गॅरेजमध्येच आहे आणि मुलगी पाच वर्षांची आहे.

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

प्रतिसाद १

मिनेसोटातून लिहितोय. .३०-०६ आणि .३०८ बरीच वर्षं भरतो.

प्रोग्रेसिव्ह अजिबात नको. नवशिक्याने सिंगल स्टेजच घ्यावा, कारण त्यावर एका वेळी एकच काम होतं आणि प्रत्येक पुंगळी डोळ्यांखालून जाते. ली कंपनीचा स्वस्त आहे. आरसीबीएस कंपनीचा रॉक चकर वापरलेला मिळाला तर बिनधास्त घ्या, ओतीव लोखंड आहे, काही होत नाही. उघडलेल्या डब्यातली पावडर मात्र कुणाकडूनही घेऊ नका, डब्यात खरंच तीच आहे याची खात्री देता येत नाही.

प्रेसच्याही आधी पुस्तक घ्या. लायमनचं किंवा हॉर्नडीचं, ताजी आवृत्ती. त्यात दिलेल्या पावडरच्या सुरुवातीच्या वजनापासून थोडं थोडं वर जायचं. बोल्ट जड उघडायला लागला किंवा प्रायमर चपटा दिसला तर तिथेच थांबायचं. पावडर, बुलेट, प्रायमर, पुंगळी यातलं काहीही बदललं की पुन्हा खालपासून सुरुवात. पावडरचं वजन मी इथे मुद्दाम देत नाही आणि दुसऱ्या कुणी दिलं तरी ते पुस्तकात पाहिल्याशिवाय वापरू नका.

काट्याबद्दल: ७००० ग्रेनचा एक पौंड, म्हणजे एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम. एवढ्या बारीक मापाला पंख्याचा आणि एसीचा वारासुद्धा पुरतो. मी दांडीचा वापरतो. इलेक्ट्रॉनिक घेतलात तरी तपासणीची वजनं घ्या आणि दर वेळी बसण्याआधी काटा पडताळा.

आता डाय, कारण बहुतेकांचं पितळ इथेच वाया जातं. डायसोबतच्या कागदावर शेलहोल्डरला (प्रेसवर पुंगळीचं बूड धरणारी खोबण) टेकवून मग आणखी थोडी खाली फिरवा असं लिहिलेलं असतं. तसं केलं तर पुंगळीचा खांदा (मान सुरू होण्याआधीचा उतार) गरजेपेक्षा जास्त मागे जाऊ शकतो. मग दर वेळी गोळी झाडताना पितळ पुढे ताणलं जातं आणि बुडाच्या जरा वर आतून झिजतं. बाहेरून तिथे एक चकचकीत कडं दिसू लागतं, आणि तरीही ती वापरत राहिलात तर पुंगळी तिथून तुटते. बोल्ट अ‍ॅक्शनला खांदा इंचाच्या हजारातले दोन भाग मागे गेला की पुरे. कॅलिपरला कंपॅरेटर (खांद्यापर्यंतची लांबी मोजायचा जोड) लावून झाडलेली आणि साइझ केलेली पुंगळी मोजा, आणि डाय अगदी थोडी थोडी खाली आणा. शंका आली तर पेपरक्लिप सरळ करून टोक वाकवा, आत घालून भिंतीवरून वर ओढा. बुडाजवळ टोक खाचेत अडकल्यासारखं वाटलं की ती पुंगळी फेका.

वंगण बोटांवर जाणवेल इतकंच. कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये रुतते, जास्त झालं तर खांद्यावर खड्डे पडतात. लांबी २.०१५ इंचांच्या वर जाऊ द्यायची नाही, कापायची ती २.००५ वर.

रेंजवरच्या पुंगळ्या सध्या राहू द्या. बॅटरी मारून आत बघा: दोन बारीक भोकं दिसली तर ती बर्डन जातीची (वेगळ्या प्रायमरची), आपल्या डायची जुना प्रायमर ढकलणारी पिन तिथे मोडते. लष्करी पुंगळीत प्रायमरभोवती पितळ दाबलेलं असतं आणि भिंत बहुधा जाड असते. आतली जागा कमी, म्हणजे तेवढ्याच पावडरीला दाब जास्त. तुमच्याच रायफलीत झाडलेल्या, एकाच कंपनीच्या पुंगळ्या वापरा.

प्रतिसाद २

मुलीबद्दल मी लिहिते, आमच्याकडेही लहान मूल आहे आणि नवरा-बायको दोघंही भरतो.

शिसं फक्त बुलेटमध्ये नसतं, जळलेल्या प्रायमरच्या काजळीतही असतं. कोरड्या टंबलरची (पुंगळ्या घुसळून साफ करणारं यंत्र) धूळ हवेत उडते, म्हणून आम्ही पाण्यात धुतो. तिथे खाणंपिणं नाही, हात साबणाने धुतल्याशिवाय लेकराला उचलायचं नाही, गॅरेजच्या चपला घरात नाहीत. मुलीच्या डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्या.

प्रायमर मूळ खोक्यातच ठेवा, बरणीत एकत्र कधीच ओतू नका, एक फुटला तर सगळे फुटतात. पावडरही मूळ डब्यात, कुलूपबंद लाकडी कपाटात. घट्ट बंद लोखंडी पेटी नको, आग लागली तर आत दाब कोंडतो. सांडलेली पावडर व्हॅक्यूमने ओढू नका, ब्रशने गोळा करा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

टेबलावर एका वेळी एकच पावडर. पावडर भरलेल्या पुंगळ्या भोकांच्या ठोकळ्यात उभ्या करा आणि बुलेट बसवण्याआधी प्रत्येकीत बॅटरी मारून पातळी सारखी आहे ना बघा. आमच्याकडे हे दोघं वेगवेगळे बघतो. मुलगी जागी असताना बसूच नका, मध्ये उठावं लागलं की मोजणी चुकते.

धागाकर्ता

दादा, ताई, दोघांचे मनापासून आभार. पुस्तक आजच मागवलं. सिंगल स्टेज आणि दांडीचा काटा नक्की. गॅरेजमधलं कपाट लोखंडी आहे, ते बदलतो, आणि मुलीची तपासणीही करून घेतो.

एकच विचारायचं राहिलं: सॅन अँटोनियो किंवा ऑस्टिनकडे कुणी भरणारं आहे का? डाय बसवताना एकदा शेजारी बसून बघायला मिळालं तर फार बरं होईल. मी तुमच्याकडे येईन, सामान माझं आणेन.