पाच रायफली देऊन एकच चांगली शिकारी रायफल घ्यायची आहे – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सच्या बाजूला राहतो. शरदात एल्क आणि म्यूल डिअर (दोन्ही हरणांच्या जाती, एल्क सांबरासारखं मोठं), आणि ड्रॉमध्ये म्हणजे सोडतीत टॅग (एका जनावराचा सरकारी परवाना) लागला तर हरणासारखं प्राँगहॉर्न, एवढीच माझी शिकार. सगळं राज्याच्या टॅगवर, नियमांत बसून. आणलेलं मांस घरात वर्षभर पुरतं. एल्कच्या मांसाला चरबी फार कमी, त्यामुळे खिमा करताना तेल थोडं सढळ हातानं घालावं लागतं, पण एकदा मसाला मुरला की मुलांना मटणापेक्षा तोच आवडतो. शिकार करावी की नाही यावर इथे वेगवेगळी मतं असणार आणि मला त्यांचा आदर आहे. या धाग्यात मात्र रायफलीपुरतंच बोलूया, ही विनंती.

माझ्याकडे आज पाच रायफली आहेत (स्वल्पविरामानंतरचा आकडा काडतुसाचा). एल्कसाठी रेमिंग्टन ७००, ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नममध्ये. प्राँगहॉर्नसाठी आणि मुलीला शिकवण्यासाठी रुगर अमेरिकन, .२४३. दाट झाडीसाठी मार्लिन ३३६, .३०-३०. एक जुनी लाकडी दस्त्याची .३०-०६. आणि ज्यांनी मला या देशात शिकार शिकवली त्या शेजारच्या आजोबांनी दिलेली सॅव्हेज ९९, .३०० सॅव्हेज. (घरातली .२२ यात धरलेली नाही, ती सरावासाठी राहणारच.)

या पाचांच्या जागी एकच रायफल हवी आहे. पैशांची अडचण नाही आणि कपाटात जागाही आहे. कारण वेगळं आहे, ते नीट सांगतो म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल.

या पाचही रायफलींची सेफ्टी (बार उडू न देणारी कळ) वेगवेगळ्या जागी आहे. रेमिंग्टनची बोल्टच्या (काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याच्या) उजवीकडे, रुगरची अंगठ्याखाली मागच्या पट्टीवर, मार्लिनला हातोडी आणि आडवं बटण, सॅव्हेजची खाली लिव्हरजवळ. चापाचं वजन प्रत्येकीचं निराळं, गोळी किती खाली पडते तेही निराळं. जनावर समोर येतं तेव्हा हाताशी काही सेकंद असतात. तेव्हा डोकं वाऱ्याकडे, अंतराकडे आणि जनावर आडवं उभं आहे की नाही याकडे हवं. अंगठ्यानं आपलं काम न विचारता करायला हवं. पहिल्याच गोळीत, छातीत, जनावर जागेवर जावं ही जबाबदारी चाप ओढणाऱ्याची असते. पाच रायफलींवर विभागलेल्या सरावातून ती नीट पार पडत नाही असं माझं ठाम मत झालं आहे. एकच रायफल घ्यावी, वर्षभर तीच हाताळावी, आणि तिच्यासाठी चांगला खर्च करावा.

आता गरजा. एल्क नऊ-दहा हजार फुटांवर भेटतात, त्यामुळे स्कोपसकट (वर बसवायच्या नेमाच्या दुर्बिणीसकट) साडेतीन किलोच्या फार वर नको. पण अगदी हलकी रायफल धक्का जोरात देते, आणि माझी पंधरा वर्षांची मुलगीही हीच वापरणार आहे, म्हणून फार खालीही नको. माझ्या शिकारी तीनशे यार्डांच्या आतल्या. त्यापलीकडे मी बार टाकत नाही आणि टाकायचाही नाही, त्यामुळे लांब पल्ल्याची जड नळी आणि स्कोपवरचे मोठाले टरेट (नेम फिरवायच्या चकत्या) मला नकोत. ऑक्टोबरात पाऊस, नोव्हेंबरात बर्फ. लाकूड ओल धरतं, फुगतं, नळीला टेकतं आणि झीरो (ठराविक अंतरासाठी जुळवून ठेवलेला नेम) हलतो, म्हणून मन अक्रोडाच्या दस्त्याकडे ओढत असलं तरी बुद्धी स्टेनलेस आणि सिंथेटिक म्हणते.

काडतुसाबद्दल माझा कल .२७० विंचेस्टरकडे आहे. १९२५ पासून चालत आलेलं काडतूस, क्रेग किंवा मीकरसारख्या छोट्या गावातल्या दुकानातही मिळण्याजोगं. १३० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी नळीतून साधारण ३,०६० फूट प्रतिसेकंद वेगानं निघते. २०० यार्डांवर झीरो केली तर ३०० वर सहा-सात इंच खाली, म्हणजे माझ्या पल्ल्यात कुठलंही गणित न करता नेम धरता येतो. कोलोरॅडोचा नियम एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर, ८५ ग्रेनची फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड ऊर्जा एवढाच आहे. .२७० त्याच्या पुष्कळ पुढे आहे. मांस घरात मुलं खातात, शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब पसरतात, म्हणून मी गोळी पूर्ण तांब्याचीच वापरणार.

रायफलींपैकी तीन नजरेत आहेत: विंचेस्टर मॉडेल ७०, टिक्का टी३एक्स आणि साको ९०. स्कोपसकट साडेतीन हजार डॉलरपर्यंत जाईन.

माझे प्रश्न: काडतूस बरोबर आहे का? तिघींतली कुठली? आणि पैसे रायफलीत जास्त घालावेत की काचेत, म्हणजे स्कोपमध्ये? ज्यांनी खरोखर डोंगरात रायफल वाहिली आहे त्यांनी जरूर लिहावं.

प्रतिसाद (मिनेसोटाहून)

दादा, विचार पटला. पण .२७० ऐवजी .३०८ चाही विचार करा. धक्का दोन्हींचा जवळपास सारखा, सरावाची काडतुसं .३०८ ची स्वस्त, आणि तांब्याच्या गोळ्यांमध्ये निवड भरपूर. तीनशे यार्डांत एल्कला फरक कळणार नाही. मुलीच्या खांद्याचा विचार असेल तर ७ मिमी-०८ अजून सौम्य, फक्त छोट्या दुकानात ते नेहमी मिळेलच असं नाही.

टिक्का आणि साको दोन्ही फिनलंडमध्ये रिहिमाकी इथे एकाच कंपनीत बनतात. अचूकतेत तुम्हाला शिकारीत जाणवेल असा फरक नाही. साकोचे जादा पैसे फिनिश, बोल्टचा गुळगुळीतपणा आणि बारकाव्यांचे. माझा सल्ला: टिक्का घ्या, ती हजाराच्या आसपास पडेल, आणि उरलेले काचेत घाला. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात जनावर शिंगाचं आहे की मादी हे ओळखायला चांगली काच लागते.

प्रतिसाद (वायोमिंगहून)

सेफ्टीचा मुद्दा तुम्हीच काढलात म्हणून लिहिते. टिक्काची सेफ्टी लावली की बोल्टही बंद होतो. म्हणजे चेंबरमधलं (नळीच्या मागच्या टोकात भरलेलं) काडतूस काढायचं तर आधी सेफ्टी उघडावी लागते. गाडीत बसताना, कुंपण ओलांडताना, तंबूपाशी परतताना, दिवसातून कितीतरी वेळा हे होतं. मॉडेल ७० ची सेफ्टी तीन टप्प्यांची आहे. मधल्या टप्प्यात फायरिंग पिन (काडतुसावर आपटून बार उडवणारी सुई) अडकलेली राहते आणि बोल्ट उघडतो. साकोलाही त्यासाठी वेगळं बटण आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला शिकवायचं असेल तर मी हाच निकष सगळ्यांत वर ठेवीन. अचूक आजकाल सगळ्याच असतात.

शिवाय मॉडेल ७० चा बोल्ट जुन्या माउझर ९८ च्या पद्धतीचा. काडतूस मॅगझिनमधून (रायफलीतल्या काडतुसांच्या पेटीतून) वर येताक्षणी पंजा त्याला धरतो, त्यामुळे रायफल तिरकी असली, हात थंडीनं आखडले असले तरी काडतूस वेडंवाकडं शिरत नाही. १९६४ मध्ये कंपनीनं ही पद्धत सोडली होती, शिकाऱ्यांना ते रुचलं नाही आणि पुढे ती परत आणावी लागली. जुनी घेणार असाल तर कुठल्या सालची आहे ते पाहून घ्या.

अजून एक गोष्ट. एकच रायफल असेल तर एकच स्कोपही असेल. डोंगरात पडलात आणि स्कोप हलला तर सीझन संपला. सहज निघणाऱ्या रिंगांमध्ये दुसरा साधा स्कोप आधीच झीरो करून पिशवीत ठेवा. दुसरी रायफल बाळगण्यापेक्षा हे हलकं आणि स्वस्त.

प्रतिसाद (न्यू जर्सीहून)

विषयाशी थोडं बाजूचं, पण इथे बरेच जण एच-वन-बीवर आहेत म्हणून विचारतो. आम्हाला अशी रायफल घेता येते का?

प्रतिसाद (वायोमिंगहून)

नॉन-इमिग्रंट (एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या) व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्यानं मनाई आहे. पण कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर अपवाद आहे. दुकानात तो परवाना दाखवावा लागतो. ग्रीन कार्डधारकांना ही अट नाही. मात्र राज्याराज्याचे नियम वेगळे आणि न्यू जर्सीचे बरेच कडक आहेत, त्यामुळे पाऊल टाकण्याआधी वकिलाला विचाराच.

प्रतिसाद (साताऱ्याहून)

काका, आमच्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी, त्यामुळे .२७० विरुद्ध .३०८ यात मी काही बोलणार नाही. पण "कुठली ठेवायची" हा प्रश्न आमच्या घरातही येऊन गेला. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, वारशानं आलेली धरून. तिसरं पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. आम्ही पणजोबांची नक्षीदार बंदूक जमा केली आणि शेतावर रोज लागणारी साधी बारा बोअरची दुनळी ठेवली. घरात वाद झाले. पण जिची काडतुसं मिळतात आणि जी दुरुस्त करणारा कारागीर जवळ आहे तीच ठेवायची, यावर शेवटी सगळे आले. तुमच्या सॅव्हेजबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. तिचं काय करणार ते वाचायला आवडेल.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेकाला उत्तर देतो.

वायोमिंगच्या ताई, तीन टप्प्यांच्या सेफ्टीबद्दल तुम्ही लिहिलंत त्यानं माझा निर्णय जवळजवळ झाला. इथे गाडीत बसताना चेंबर रिकामं असलंच पाहिजे असा नियम आहे, म्हणजे रिकामं करणं दिवसातून अनेकदा होणार. मुलीच्या हातून ते सेफ्टी लावलेल्या अवस्थेतच व्हावं. काल दुकानात जाऊन मॉडेल ७० आणि साको दोन्ही हातात घेतल्या. डोळे मिटून खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे, स्कोपमध्ये पूर्ण चित्र दिसलं तर दस्ता अंगाला बसला असं समजायचं. मॉडेल ७० मध्ये मला लगेच दिसलं. मुलीला मान पुढे काढावी लागली, म्हणजे दस्त्याची लांबी तिला थोडी जास्त आहे. साको ९० दोघांनाही बसली, पण तिच्यात पैसे घातले तर काचेसाठी फार उरत नाहीत.

मिनेसोटाचे दादा, .३०८ वर खूप विचार केला. स्वस्त सरावाचा मुद्दा बिनतोड आहे. तरी .२७० वरच राहतो. तांब्याची गोळी नीट फुलायला वेग लागतो, आणि तीनशे यार्डांवर .२७० कडे तो जास्त शिल्लक असतो. गोळीचं वजन १३० ग्रेन. दोन-तीन कंपन्यांचे डबे आणून जी नळीला मानवेल तिचेच, एकाच लॉटचे, बरेच डबे घेऊन ठेवीन. टिक्काच्या बाजूनं एक गोष्ट मला फार मोहवते: तिची .२२ ची बहीण टी१एक्स, त्याच हाताच्या ठेवणीची आणि तसाच ट्रिगर असलेली. वर्षभर स्वस्तात सराव आणि शिकारीत तीच सवय. सेफ्टीचा प्रश्न नसता तर मी डोळे झाकून ही जोडी घेतली असती.

साताऱ्याचे मित्र, सॅव्हेजबद्दल विचारलंत ते बरं झालं. ती विकणार नाही. १८९९ च्या आराखड्याची रायफल, गोल फिरणारं मॅगझिन, डाव्या बाजूच्या छोट्या खिडकीतून आत किती काडतुसं आहेत ते दिसतं. लिव्हरची (खालच्या दांडीनं काडतूस भरायची) असूनही तिच्यात टोकदार गोळी चालते, कारण मार्लिनच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये टेकतात तशी काडतुसं तिच्यात एकामागे एक टेकत नाहीत, म्हणजे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावर आपटायची भीती नाही. आजोबांचा नातू आता वीस-बावीस वर्षांचा आहे, गनिसनकडे राहतो आणि शिकार करतो. त्यांच्या घराण्यातली वस्तू त्याच्याकडे जावी. तो माझा नातेवाईक नाही, म्हणून कोलोरॅडोच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दुकानदारामार्फत त्याची पार्श्वभूमी तपासून मगच देता येईल. २०२३ पासून तीन दिवसांची प्रतीक्षाही आहे. दोन्ही करू. बाकीच्या चार मात्र दुकानातच विकायला ठेवतो. भाव थोडा कमी येईल, पण अनोळखी माणसांशी व्यवहार करायचा नाही.

न्यू जर्सीच्या भावांना: परवान्यासाठी हंटर एज्युकेशनचा वर्ग करावा लागेल. रायफल घ्यायची नसली तरी तो करा, फार चांगलं शिकवतात.

तर आता मॉडेल ७०, .२७०, स्टेनलेस आणि सिंथेटिक. स्कोपवर हजार-बाराशे, ३-९ किंवा ३.५-१० पट, चाळीस मिमीची पुढची काच. दुसरा साधा स्कोप रिंगांसकट पिशवीत. आम्ही दोघं एकाच सीझनला गेलो तर टॅग दोन पण रायफल एक, म्हणून आलटूनपालटून बसू. मुलगी नेम धरेल तेव्हा मी दुर्बीण धरीन, हे तिला मान्य आहे.

दोन गोष्टी अजून अडल्या आहेत. सिंथेटिक दस्ता मुलीसाठी अर्धा-पाऊण इंच कापून, माझ्यासाठी मधे पट्ट्या घालून लांब करता येईल असं कुणी करून घेतलं आहे का? झीरोवर परिणाम झाला का? आणि .२७० ला नळी २२ इंचांची घ्यावी की २४? दाट झाडीत २२ सोयीची, पण तांब्याच्या गोळीसाठी दोन इंचांचा जादा वेग सोडवत नाही. ज्यांनी दोन्ही वापरल्या आहेत त्यांनी लिहावं. पुढच्या आठवड्यात ऑर्डर द्यायची आहे.