मदत हवी आहे: टॅरँट्युला एकाच टाकीत ठेवू का? (सांगली, पुराची अडचण)

सांगलीत गावभागात राहतो, घर तळमजल्यावर. आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की आमच्याकडे आवराआवर सुरू. 2019 चा पूर बघितल्यापासून 45 फुटांच्या धोका पातळीची वाट कुणी बघत नाही. सिलिंडर, कागदपत्रं, आजीची औषधं वर न्यायची आणि त्यातच माझ्या कोळ्यांचे डबे. आई दरवर्षी म्हणते, "आधी माणसं, मग तुझे ते किडे."

सध्या मेक्सिकन रेड नी जातीचे टॅरँट्युला (मोठे केसाळ कोळी) तीन आहेत. एकाच अंडकोशातली (अंड्यांच्या पिशवीतली) भावंडं, पाय पसरून साधारण 2 इंच. शिवाय मोनोसेंट्रोपस बाल्फौरी या दुसऱ्या टॅरँट्युला जातीची चार पिल्लं, तीही भावंडंच, अजून नखाएवढी. घरात दीड फुटी जुनी फिशटँक रिकामी पडलीय. सगळ्यांची खिचडी करायची नाही एवढं कळतं. पण रेड नीची तिघं भरपूर आडोसे देऊन, पोटभर खायला घालून एका टाकीत राहतील का? आणि बाल्फौरी एकत्र नांदतात असे व्हिडिओ सारखे दिसतात, त्यात खरं किती? दोन टाक्या उचलल्या की पुराचं काम भागलं, असा माझा हिशोब.

शंका यायचं कारण सांगतो. परवा एका रेड नीने कात टाकली. उताणी पडून एकेक पाय जुन्या कातेतून ओढून काढत होती. सुळे पांढरेफटक, अगदी मऊ असणार. त्याच वेळी शेजारच्या डब्यातली रातकिड्यावर तुटून पडली होती. मधे डब्याची भिंत नसती तर?

"कोळी पाळूच नका" हा सल्ला नको. तो घरात रोज मिळतो.

मिरजकर:
रेड नीचा विचार सोडाच. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या रानात या जातीचे कोळी एकेका बिळात एकेकटे राहतात. दुसरा समोर आला तर तो एक तर जोडीला आलेला नर, नाही तर भक्ष्य. पिल्लं अंडकोशातून बाहेर पडून पांगली की भावंडं वगैरे काही उरत नाही. पोट भरलेलं असलं तरी जाळ्यावर हालचाल जाणवली की झडप घालतात, आणि कात टाकणारीला तर पळताही येत नाही. बरं, वाढ इतकी सावकाश की वर्षभर काही झालं नाही म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. मादी 20 वर्षांच्या पुढेही जगते, एवढी वर्षं रोज जुगार कोण खेळणार?

आणखी एक. ब्रॅकिपेल्मा, म्हणजे रेड नी ज्यात मोडते तो गट, सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट 2 मध्ये आहे. वन्यजीव कायद्यात 2022 ला दुरुस्ती झाली, त्यामुळे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर अशा प्राण्यांची नोंदणी लागते. केली नसेल तर आधी ते बघा.

कास_पठार:
बाल्फौरीचं प्रकरण खरंच वेगळं आहे. येमेनच्या सोकोत्रा बेटावरची जात. एका अंडकोशातली पिल्लं लहानपणापासून एकत्र वाढवली तर बऱ्याचदा निभावतं. नंतर बाहेरचा एकही आत सोडायचा नाही. जागा फार मोठी द्यायची नाही, एकमेकांच्या जाळ्यातून वावर राहिला पाहिजे. इतकं करूनही एखादं गायब होतं, ही तयारी ठेवा. व्हिडिओवाले तेवढं सांगत नाहीत.

पण तुमचा मूळ प्रश्न पुराचा आहे, आणि टाकीने तो वाढेल. काचेची दीड फुटी टाकी, आत ओलं कोकोपीट, ती धरून अंधारात जिना चढायचा. टाकी जरा कलली की बिळं ढासळणार, झाकण सरकलं तर चार बाल्फौरी बाहेर. या कोळ्यांना रेड नीसारखे पोटावरचे खाजरे केस नसतात, सगळी भिस्त पळण्यावर आणि चावण्यावर. त्यापेक्षा द्राक्षाचं क्रेट घ्या. झाकणाचे छोटे डबे त्यात गच्च बसतात, वर दोरी मारली की एका खेपेत सगळे वर.

पाणी ओसरल्यावर डासांसाठी धूरफवारणी होते, तेव्हा जास्त जपा. त्या औषधाने कोळी मरतात. गल्लीत मशीनचा आवाज आला की खिडक्या बंद, डबे आतल्या खोलीत.

धागाकर्ता:
फवारणीचं डोक्यातच आलं नव्हतं. क्रेट तासगावहून मामांकडून मिळेल, त्यांची बाग आहे. रेड नी वेगळ्याच राहतील, नोंदणीचंही बघतो. बाल्फौरीच्या चौघांना एका बरणीत ठेवून बघावं म्हणतो. माती किती खोल घालू? आणि खायला एकदम टाकायचं की वेगवेगळं?

कास_पठार:
एवढ्या पिल्लांना दोन-तीन इंच पुरे, वर सालीचे तुकडे आडवेतिडवे. रातकिडा मारून तुकडे करा आणि दोन-तीन कोपऱ्यांत टाका, नाही तर जे आधी पोचेल तेच सगळं ओढून नेतं. उरलेले तुकडे दुसऱ्या दिवशी चिमट्याने काढा, पावसाळ्यात लगेच बुरशी धरते. एखादं बाकीच्यांपेक्षा दुपटीने वाढलेलं दिसलं तर त्याच दिवशी वेगळ्या डब्यात.