येळ्ळूरचा नवा तांदूळ आलाय, कुणाला किती?

१०४ (नवीन): नमस्कार सगळ्यांना. काल संध्याकाळी जिन्यात भाताचा इतका सुंदर वास येत होता, मी उगाच दोनदा खाली-वर केलं. कुणाकडचा होता? आणि तो तांदूळ इथे मिळतो कुठे?

२०३ वैनी: काकूंच्यातला असणार. १०१.

१०१ काकू: आमच्यातलाच ओ. बासमती. माहेरचा, येळ्ळूरचा. परवाच गिरणीतनं काढून भावानं आणून दिला. दार वाजवायचं की! ताटलीभर भात दिला असता.

१०४: बासमती? मला वाटलं आंबेमोहोर. आमच्या पुण्यात बासमतीला असा वास कधी आला नाही.

१०१ काकू: तुम्ही म्हणताय तो पाकिटातला, बिर्याणीचा, उत्तरेकडचा. हा बेळगावी बासमती. येळ्ळूर, शहापूर, वडगाव, अनगोळ ह्या शिवारांतला. आपली बिल्डिंग आहे तिथंसुद्धा पूर्वी भातच होतं. काळी जमीन, वर पावसाळाभर पाणी. दिवाळीच्या पुढंमागं कापणी झाली की त्याच ओलीवर मसूर पेरायची. म्हणून आमच्यात नव्या भातावर मसुरीची आमटीच लागते, दुसरं काय नको.

खरं आता बासमती करणारे थोडे राहिले. ताट उंच वाढतंय, परतीच्या पावसात एक रात्र वारं सुटलं की सगळं आडवं. उतारापण कमी. भाऊ दरवर्षी म्हणतो, पुढच्या साली इंद्रायणीच करूया सगळीकडं. आणि दरवर्षी चार गुंठे तरी बासमती लावतोच. आईला नैवेद्याला तोच लागायचा. आई जाऊन सहा वर्षं झाली, अजून लावतोय.

३०१ आजोबा: चार गुंठे का असेना, लावतोय ना. माझा आशीर्वाद सांगा त्याला.

आम्ही सायकलवरनं शहापूरच्या शिवारातनं जायचो. भात पोसवायला लागलं की बांधावर उभं राहिलं तरी वास यायचा, शिजवायची गरज नव्हती. आता त्या वाटेला दोन्ही बाजूंनी घरं झाली. राजहंसगड तेवढा दिसतो अजून, तोपण आमच्या गच्चीवरनं.

१०४: इंद्रायणी मात्र आमच्याकडची बरं का! १९८७ साली वडगावच्या भात संशोधन केंद्रातून आली.

२०३ वैनी: वडगाव? आपल्या वडगावात कुठं आहे केंद्र?

१०४: वडगाव मावळ, वैनी. पुण्याजवळचं.

२०३ वैनी: अस्सं होय! मी आपली गल्ली-गल्ली डोळ्यांपुढं आणून बघायलोय.

सेक्रेटरी: मध्येच सांगतो. उद्या टाकी धुणार आहेत. सकाळी ७ च्या आत पाणी भरून ठेवा. चालू द्या तुमचं.

२०४ (कॉलेजवाला): काकू, त्या वासाचं नाव आम्हाला शिकवलंय. टू-असेटाइल-वन-पायरोलिन. आंबेमोहोर, बासमती सगळ्यात तेच असतं, थोडं कमी-जास्त. अन्नपूर्णेचं पान असतं ना, कुंडीतलं, त्यातपण तेच. तांदूळ जुना होत जाईल तसा हा वास उडत जातो.

४०२ मावशी: अगदी खरं! आमच्या गच्चीत आहे अन्नपूर्णा. साध्या तांदळात एक पान गाठ मारून टाकते, शिजल्यावर काढून घेते. नातवंडं आजीचा बासमती म्हणून खातात. कुणाला फुटवा हवा असेल तर कुंडी घेऊन या.

२०४ (कॉलेजवाला): अजून एक. उत्तरेतल्या बासमतीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. पंजाब, हरियाणा, हिमाचल, दिल्ली, उत्तराखंड, आणि उत्तर प्रदेश-जम्मूचा काही भाग, एवढंच क्षेत्र आहे त्यात. बेळगाव नाही.

१०१ काकू: नसू दे बाळा. माझ्या आजीनं बासमतीच म्हटलं, आईनं बासमतीच म्हटलं. मीपण तेच म्हणणार.

३०२ अक्का: काकू, माझं माहेर मलनाडात. तिकडं गंधसाळे म्हणून अक्की, म्हणजे तांदूळ आहे, वास असाच. सणाला पायस त्याचंच करतात. काल मीपण दारात उभी राहिले होते. आईची आठवण आली.

१०१ काकू: अक्का, उद्या दुपारी जेवण करू नका. तुम्ही आणि १०४, दोघी खाली या. मसुरीची आमटी करते. १०४, तुमच्या यांना सुट्टी असेल तर त्यांनापण घेऊन या.

२०३ वैनी: आणि आम्ही?

१०१ काकू: तुम्हाला बोलवायला लागतंय काय?

सेक्रेटरी: काकू, भावाकडं विकायला शिल्लक आहे काय? आम्हाला १० किलो हवा.

१०१ काकू: बासमती फार नाही, दोन पोती असेल. इंद्रायणी भरपूर. रविवारी तो मसुरीच्या बियाण्याला बाजारात यायलाय, टेम्पोत घालून आणेल. कोण किती ते इथंच लिहा. आणि एक सांगते, भावाशी घासाघीस करू नका. तो सांगेल तो दर द्या. दुकानात आपण काय बोलतो काय?

४०२ मावशी: बासमती ५. इंद्रायणी २५.

३०१ आजोबा: बासमती ३. आम्ही दोघंच.

३०२ अक्का: बासमती ५.

१०४: बासमती ५. पण काकू, ठेवायचा कसा? पुण्यात मी बोरिक पावडर लावायचे.

२०३ वैनी: आम्हीपण तीच लावतो.

३०१ आजोबा: त्याला कशाला पावडर? सावलीत पसरा दोन दिवस, कडुनिंबाचा वाळका पाला घाला, झाकण घट्ट लावा. मागच्या कंपाउंडला आहे की निंब.

१०१ काकू: आजोबा बरोबर सांगतात. उन्हात नको, दाणा तडकतो. आणि पाच किलो म्हणजे संक्रांतीच्या आत संपवा. बासमती जुना करून ठेवायचा नाही, वासासाठीच तर घेतोय. रोजच्याला मोकळा भात हवा तर तो इंद्रायणीतला नको, जुना सोना मसूरी वापरा.

धुतानापण चोळू नका. दोनदा हलक्या हातानं पाणी बदला, बास. कुकर नको. पातेल्यात लावा, पाणी आटत आलं, वर भोकं दिसायला लागली की झाकण घालून गॅस बारीक. मग बंद करून दहा मिनटं उघडायचं नाही, कितीपण वास येऊ दे. पहिला घास नुसता तूप-मीठ.

१०४: लिहून घेतलं. पाणी दुप्पट ना?

१०१ काकू: दुप्पट जुन्याला. हा नवा आहे, दीडपटीच्या वर एक थेंब नको, गिचका होईल.

१०४: दीडपट. बरं. उद्या दुपारी येते तेव्हा पातेलं दाखवा, कुठल्या मापाचं घेऊ कळत नाही.