ड्रिफ्ट एका सेन्सरचा, बोट दुसऱ्याकडे: ऑटोएन्कोडरचं काय चुकतंय?

क्षीणवलय:
बिघडलेला सेन्सर पकडायला पीडब्ल्यूआर (दाबाखालच्या साध्या पाण्याची अणुभट्टी) सिम्युलेटरच्या डेटावर ऑटोएन्कोडर (सगळे सिग्नल अरुंद थरातून दाबून पुन्हा तेच बाहेर काढणारं न्यूरल नेटवर्क) बसवलाय. २४ सिग्नल, मधला अरुंद थर ५ चा. हॉट लेगच्या (रिअ‍ॅक्टरमधून गरम पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपच्या) एका आरटीडीत (तापमानाच्या सेन्सरमध्ये) मुद्दाम २ अंशांचा ड्रिफ्ट (मोजमाप खऱ्यापासून सरकणं) घातला, तर त्या चॅनेलच्या इनपुट-आउटपुटमधला फरक जेमतेम १.२ अंश दिसतो आणि प्रेशरायझरची (प्राथमिक पाण्याचा दाब राखणाऱ्या टाकीची) पातळी मात्र उगाच संशयित ठरते. शिवाय पॉवर १०० वरून ७० टक्क्यांवर आणताना सगळेच चॅनेल लाल होतात. मधला थर रुंद करू का? पुढे यालाच अपघात ओळखणारं नेटवर्क जोडायचं आहे.

जडपाणी:
थर रुंद करू नका, उलट त्रास वाढेल. चुकीचं इनपुट खरं मानून नेटवर्क बाकीच्या चॅनेलांना त्याच्याशी जुळवून घेतंय. उपाय ट्रेनिंगमध्ये आहे. दर नमुन्यात एक चॅनेल यादृच्छिक निवडा, त्यात स्पॅनच्या (सेन्सरच्या मोजमापाच्या पल्ल्याच्या) ±५ ते १० टक्के चूक मिसळा आणि आउटपुटला मूळ स्वच्छ किंमत द्या. म्हणजे एका सेन्सरवर न विसंबता शेजाऱ्यांवरून अंदाज बांधायला ते शिकतं. अरुंद थराची रुंदी आधी पीसीए (डेटा किती स्वतंत्र घटकांत मावतो ते दाखवणारी पद्धत) करून ठरवा, ५ हा आकडा अंदाजाने घेतला असेल तर.

पॉवर उतरतानाचं कारण वेगळं. थर्मोवेलमधला (संरक्षक नळीतला) आरटीडी काही सेकंद मागे असतो, न्यूट्रॉन फ्लक्स लगेच बदलतो. एकाच क्षणाच्या किमती जोडल्या तर त्या जुळणारच नाहीत. मागच्या काही सेकंदांच्या किमतीही इनपुटला द्या, आणि पॉवर चढताना-उतरतानाचा डेटा ट्रेनिंगमध्ये हवाच.

पाण्यात न्यूट्रॉन शोषायला मिसळलेलं बोरॉन विसरू नका. सायकलच्या सुरुवातीला ते जास्त असतं, शेवटाकडे शून्याजवळ येतं. पहिल्या तीन महिन्यांवर शिकवलेलं नेटवर्क पुढे निष्कारण बोंब मारतं. (तारापूर ३-४ सारख्या पीएचडब्ल्यूआरमध्ये, म्हणजे जड पाण्याच्या भट्ट्यांमध्ये, चालू रिअ‍ॅक्टरमध्येच इंधन बदलतात, म्हणून तिथे ही अडचण या रूपात येत नाही, तिथे झोन कंट्रोलच्या, म्हणजे गाभ्याच्या भागाभागातली पॉवर सांभाळणाऱ्या, पाण्याच्या पातळ्या इनपुटला घ्या.)

व्हेंच्युरी:
एक भर. ‘स्वच्छ’ डेटा खरंच स्वच्छ आहे का? फीडवॉटरच्या (स्टीम जनरेटरला जाणाऱ्या पाण्याच्या) व्हेंच्युरीत, म्हणजे प्रवाह मोजणाऱ्या अरुंद नळीत, पुटं बसली की दाबातला फरक वाढतो, प्रवाह प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो, त्यावरून काढलेली औष्णिक पॉवरही फुगते. मग संयंत्र परवानगीपेक्षा कमी पॉवरवर चालतं आणि वीज बुडते. सुरक्षेला धोका नाही, पण पुटं बसलेल्या काळातला डेटा शिकवला तर नेटवर्क तेच सामान्य मानेल. प्रत्यक्ष संयंत्राचा डेटा घ्याल तेव्हा व्हेंच्युरी साफ केल्यानंतरचा घ्या.

क्षीणवलय:
ड्रिफ्ट मिसळून बघतो. टेस्टसाठी २० टक्के नमुने यादृच्छिक काढलेत, ते ठीक ना?

जडपाणी:
नाही! एका सेकंदाचा नमुना पुढच्यासारखाच असतो, म्हणजे उत्तरपत्रिका आधीच फुटली. सिम्युलेटरच्या अख्ख्या रन टेस्टसाठी वेगळ्या काढा. सलग नमुन्यांचे फरकही एकमेकांशी बांधलेले असतात, त्यामुळे एसपीआरटी (नमुने एकेक करून जोखत अलार्म ठरवणारी चाचणी) लावाल तर ठरवलेल्यापेक्षा जास्त खोटे अलार्म येतील. आधी नमुने विरळ करा.

कंटेनमेंट:
अपघात ओळखण्याबद्दल. तीन प्रकार धरू: प्राथमिक पाण्याची गळती (एलओसीए), स्टीम जनरेटरची नळी फुटणं आणि स्टीम लाइन फुटणं. प्राथमिक दाब तिन्हींत घसरतो, त्यावर भिस्त नको. एलओसीएत कंटेनमेंटचा (रिअ‍ॅक्टरभोवतीच्या बंदिस्त इमारतीचा) दाब आणि किरणोत्सार दोन्ही चढतात. स्टीम जनरेटरची नळी फुटली तर कंटेनमेंट शांत, पण कंडेन्सरच्या ऑफ-गॅसमध्ये (त्यातून बाहेर काढलेल्या वायूंत) किरणोत्सार. कंटेनमेंटच्या आत स्टीम लाइन फुटली तर दाब चढतो, किरणोत्सार नाही, प्राथमिक पाणी झपाट्याने थंड होतं.

झडपेची आज्ञा आणि झडपेची प्रत्यक्ष स्थिती हे दोन सिग्नल वेगळे ठेवा. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात २८ मार्च १९७९ रोजी प्रेशरायझरचा रिलीफ व्हॉल्व्ह (दाब कमी करणारी झडप) उघडाच अडकला होता, दिवा मात्र फक्त आज्ञा दाखवत होता. प्रेशरायझरची पातळी चढत होती, म्हणून पाणी भरपूर आहे असं समजून आणीबाणीचं पाणी कमी केलं गेलं. तुमच्या नेटवर्कलाही फक्त आज्ञा दिलीत तर तेही फसेल.

सॉफ्टमॅक्स (वर्गीकरण करणाऱ्या नेटवर्कचा शेवटचा थर) तीनच पर्याय जाणतो. चौथा प्रकार आला तरी तिघांपैकी एकावर ९८ टक्के खात्रीही दाखवू शकेल. म्हणून ऑटोएन्कोडरची चूक ट्रेनिंगच्या मर्यादेबाहेर गेली की वर्गीकरण थांबवून ‘ओळख पटत नाही’ एवढंच ऑपरेटरला दाखवा. रिअ‍ॅक्टर बंद करण्याच्या सर्किटला यातलं काहीही जोडू नका.